अप्पांचा मावळ

सूर्य मावळतो त्या अंगाचा मुलूख म्हणून मावळ, अशी आमच्याकडे साधी फोड करतात. जुन्या काळी बारा मावळ मोजायचे. आजच्या तालुक्यात त्यातली तीन नावं अजून रोजच्या बोलण्यात आहेत: पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ. वडगावच्या बाजारात कुणी नवा भेटला की गावाआधी मावळ विचारतात. मावळ कळला की पाणी कुठलं, डोंगर कुठला, सोयरीक कुठवर पोचते, हे सगळं आपसूक कळतं.

या मुलखाचा इतिहास सांगायला कुणी कमी नाही. लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग आणि राजमाची हे पाच किल्ले एकट्या या तालुक्यात. कार्ल्याची आणि भाज्याची लेणी दोन हजार वर्षांची. तळेगाव दाभाड्यांचं, तिथल्या उमाबाई दाभाडे यांनी थोरल्या मुलामागे सेनापतिपदाचा भार वाहिला. १७७९ च्या जानेवारीत वडगावला महादजी शिंद्यांनी इंग्रजांना कोंडलं आणि तह करायला लावला. त्याच लढाईत पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला आमच्या लोकांनी 'इष्टुर फाकडा' करून टाकलं, आणि वैरी असूनही त्याची आठवण ठेवली. पुढे १८१८ च्या मार्चमध्ये विसापूर पडला, पाठोपाठ लोहगड गेला. शाळेच्या पुस्तकातला मावळ इथे संपतो. पुढच्या पानावर एकदम आगगाडी येते: १८५८ साली पुणे ते खंडाळा, १८६३ साली बोरघाट.

पण किल्ल्यावरून निशाण उतरलं म्हणजे किल्ल्याखालची माणसं कुठे जातात? ती कुठेच गेली नाहीत. गडाच्या घेऱ्यातल्या वाड्या होत्या तिथेच राहिल्या. हवालदार, नाईक, गुरव, रामोशी, कोळी, महार, धनगर, ठाकर, ज्याचं जे काम होतं ते सरलं. पण गडावरचा देव होता, टाक्यातलं पाणी होतं आणि पायथ्याला भाताची खाचरं होती. पगार बंद झाला तरी दसऱ्याला गडावर जाऊन देवीला पान-फूल वाहायचं काही सुटलं नाही. या दीड-दोनशे वर्षांच्या माणसांचा इतिहास कोण लिहिणार? दप्तरात त्यांची नावं फक्त साऱ्यापुरती.

तो लिहिला एका परमुलखातल्या माणसानं. त्याचं नाव गोपाळ नीलकंठ दांडेकर. वाचकांचे गोनीदा, आणि तळेगावचे अप्पा.

माझी त्यांची ओळख पुस्तकातून. समोर बसून बोलण्याचा योग कधी आला नाही. तरीपण पवन मावळात वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते घरातले वाटतात. त्याचं कारण सांगण्यासाठीच हा लेख.

अप्पा जन्मले ८ जुलै १९१६ रोजी, वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला. सातवीत असताना, तेरा वर्षांच्या वयात, स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घ्यायची म्हणून घर आणि शाळा सोडली. नंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. गाडगेबाबांच्या संगतीत राहिले, गावोगाव हिंडले. नर्मदेची परिक्रमा केली. औंधला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली काम केलं, वेदान्ताचा अभ्यास केला. अशी वीसेक वर्षं पायाला भिंगरी. १९४७ साली त्यांनी ठरवलं की आता फक्त लेखणीवर जगायचं. हे आज ऐकायला बरं वाटतं. त्या काळी मराठी पुस्तकावर संसार चालवायचा म्हणजे उन्हाळ्यात खाचराला पाणी धरण्यासारखं. पण त्यांनी तो चालवला, आणि तळेगाव दाभाडे हे त्यांचं कायमचं गाव झालं.

तळेगाव तेव्हा लहान होतं, पण अडाणी नव्हतं. १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना तिथे निघालेला. घरटी एक-एक पैसा गोळा करून कारखाना काढायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना, आणि तिला टिळकांचा पाठिंबा. प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालयही तिथेच होतं. १९१० साली सरकारनं ते बंद पाडलं. म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहायचं वेड या गावाला आधीपासूनच. आणखी एक सोय होती. तळेगावच्या स्टेशनावर उतरलं की पश्चिमेकडे डोंगराची रांग दिसते. गाडीनं कामशेत, मळवली किंवा लोणावळा गाठायचं आणि तिथून पाय मोकळे करायचे. लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना सगळे एका दिवसाच्या टप्प्यात.

अप्पा चालले. महाराष्ट्रातले किती गड पाहिले आणि एकेका गडावर किती वेळा गेले याचा हिशोब त्यांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'त सापडतो. पण गड बघणारे पुष्कळ असतात. तट मोजतात, बुरुजाचा फोटो काढतात, खाली उतरतात. अप्पांनीही फोटो काढले, तट मोजले. फरक एवढाच की ते पायथ्याच्या घरात थांबले. कुडाच्या भिंतीला टेकून बसले, भाकरी खाल्ली, रात्री घोंगडीवर पडून म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या. त्यांची पुस्तकं वाचताना हे जागोजाग जाणवतं. पाऊस कुठल्या खिंडीतून शिरतो, कारवी कधी फुलते, राब कसा भाजतात, भात झोडताना कुठले शब्द तोंडात येतात, हे घरात राहिल्याशिवाय कळत नाही.

त्यातून दोन पुस्तकं आमच्या मावळाला मिळाली. १९५५ साली 'पवनाकाठचा धोंडी' आणि १९५८ साली 'माचीवरला बुधा'. पहिलं तुंग किल्ल्याचं. ज्या घराकडे तुंगची हवालदारी चालत आली, त्या घरातला धोंडी. राज्य जाऊन शंभरावर वर्षं झाली. पण घराण्याचा मान आणि गडाची राखण त्याच्या मनातून गेलेली नाही. दुसरं राजमाचीचं. मुंबई सोडून माचीवर परतलेला एक म्हातारा, आणि त्याच्या भोवतीची झाडं, पाखरं, जनावरं. दोन्हींत लढाई नाही, राजा नाही. शाळेच्या पुस्तकातला मावळ जिथे संपतो, तिथून अप्पांचा मावळ सुरू होतो.

मला 'पवनाकाठचा धोंडी' कसं भेटलं ते सांगतो. गावात चौथीपर्यंत शाळा. पुढे शिकायला मी बाहेर पडलो, एका मोठ्या गावच्या हायस्कुलात गेलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी काहीतरी विचारलं, मी उभा राहून म्हणालो, "म्या काल न्हवतो, आजारी व्हतो." सगळा वर्ग हसला. सरही हसले. पुढे कितीतरी दिवस मला 'व्हतो' याच नावानं हाक मारायचे. पोरवयात असल्या गोष्टी खोल जातात. मी शुद्ध बोलायला शिकलो, आणि सुट्टीत घरी आलो की आई-आबांच्या बोलण्याची मला लाज वाटायला लागली. पावण्यांसमोर आबा बोलायला लागले की मी तिथून उठून जायचो.

मग एके दिवशी शाळेच्या कपाटात हे पुस्तक हाती लागलं. नावात 'पवना' दिसली म्हणून उघडलं. त्यातली माणसं माझ्या आबांसारखी बोलत होती. छापलेल्या पुस्तकात, पुठ्ठ्याच्या बांधणीत, आमचं बोलणं! कुणी ते दुरुस्त केलं नव्हतं की विनोदासाठी घातलं नव्हतं. मानी माणूस मानानं बोलतो तसं ते बोलणं होतं. त्या दिवशी मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. एवढं खरं की पुढच्या सुट्टीत मी आबांच्या जवळून उठून गेलो नाही.

पुढे मी प्राथमिक शिक्षक झालो. पहिल्या पगारातनं जे घेतलं त्यात हे पुस्तक होतं. ऐंशी सालच्या सुमाराची गोष्ट असेल. पावसाळ्याचे दिवस, लावणी उरकलेली, बाहेर पागोळ्या. आबांना अक्षरओळख नव्हती. सिनेमाचं नाव मात्र त्यांनी ऐकलं होतं, कारण १९६६ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला होता आणि पवन मावळात त्याची पुष्कळ बोलवा झाली होती. मी म्हटलं, "आबा, वाचून दाखवू का?" ते म्हणाले, "वाच की. पण हळू वाच. माझं ध्यान भाताकडं जातंय."

रोज रात्री कंदिलाच्या उजेडात थोडं थोडं वाचायचो. शेजारचे दोघं-तिघं येऊन बसायला लागले. आबा मधेच थांबवायचे. "हां, ही वाट ठावं हाय मला." "ह्यो दगुड अजून हाय तितं." कुठं न पटलं तर, "आसं न्हाय करत आपल्यात," असं स्पष्ट सांगायचे. शेजारचे तात्या म्हणाले, "ह्यो बामन वऱ्हाडातला न्हवं? मग आपलं त्याला कसं गावलं?" त्यावर आबा म्हणाले, "हिंडला आसंल. बसला आसंल आपल्यासंगं. बसल्याबिगर न्हाय गावत."

हसताखेळता वाचन चाललं होतं. एका रात्री नदीकाठचं वर्णन आलं आणि आबा गप्प झाले. मी वाचायचा थांबलो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आता पवनाकाठ ऱ्हायला कुटं?"

ते काय म्हणत होते ते सगळ्यांना कळलं. धरणाला तेव्हा आठ-दहा वर्षं झाली होती.

मावळाचा नव्या काळातला इतिहास लिहायचा तर तो धरणांचा इतिहास आहे. आमच्यावर पाऊस पडतो, आणि त्याचा उजेड-पाणी दुसरीकडे जातं. १९१५ साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. त्याला पाणी पुरवायला लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे तळी बांधली. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. मग १९२१ साली शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी, आणि मार खाणारे, तुरुंगात जाणारे मावळे शेतकरी. तीन वर्षं लढा चालला. धरण झालंच. आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पवनेची पाळी आली.

पवना नदी लोणावळ्याच्या दक्षिणेला डोंगरात उगवते, तुंग-तिकोन्याच्या मधून वाहत येते आणि खाली दापोडीजवळ मुळेला मिळते. आज तुंगवर उभं राहिलं की तिन्ही बाजूंनी निळं पाणी दिसतं. नवीन माणसाला ते फार सुंदर वाटतं, आणि ते आहेही. पण आमच्या पिढीला त्या पाण्याखाली रस्ता दिसतो, पार दिसतो, खाचरांची उतरंड दिसते. सगळ्यात सुपीक जमीन नदीलगतची, आणि बुडाली तीच. आमचं घर वरच्या अंगाला होतं म्हणून वाचलं, शेत गेलं. आबांनी उरलेल्या उतारावर नाचणी-वरई केली आणि दोन म्हशी पाळून घर चालवलं. आई अंधारात उठून दूध काढायची. कुणाला जमीन मिळाली, कुणाला पैसे, आणि कुणाचा प्रश्न नातवंडांच्या काळातही सुटलेला नाही. धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. तिथल्या कारखान्यांत आमच्याच पोरांना काम मिळालं, हेही लिहिलं पाहिजे. नोकरीची पाटी आणि बुडालेलं खाचर, दोन्ही एकाच घरात असतात. तरी पाण्याचा सल जात नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. त्या दिवशी आमच्या तालुक्यात चूल पेटली नाही अशी घरं मला माहीत आहेत.

तर त्या रात्री आबा गप्प बसले. वातावरण हलकं करावं म्हणून मी सांगितलं, "आबा, याच लेखकानं धरणावरपण एक पुस्तक लिहिलंय. 'आम्ही भगीरथाचे पुत्र'. पंजाबाकडं भाक्रा-नांगल म्हणून मोठं धरण बांधलं, त्याची गोष्ट." मला वाटलं आबा रागावतील. ते म्हणाले, "लिवलं आसंल. धरान बांधनारी बी मानसंच हाईत. घाम त्यांचा बी गळतो." मग थोड्या वेळानं, "पर तितं बी कुनाचं तरी खाचार आसंलच की."

आबांनी पंजाब पाहिला नव्हता, नकाशाही पाहिला नव्हता. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की भाक्र्याच्या गोविंदसागरात जुनं बिलासपूर शहर देवळांसकट बुडालं. १९६३ साली ते धरण देशाला अर्पण झालं, आणि बिलासपूरच्या लोकांनी वरच्या अंगाला नवं गाव वसवलं. आमच्यासारखंच. आबांना ते कुणी न सांगता कळलं होतं.

मी पुष्कळदा या दोन पुस्तकांचा एकत्र विचार करतो. एका हातानं अप्पांनी पवनेचा काठ लिहिला, दुसऱ्या हातानं धरण बांधणाऱ्यांचं कौतुक लिहिलं. नव्या देशाची उमेद त्यांना होती, आणि जुन्या मातीची ओढही होती. त्या पिढीत या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखानं नांदत होत्या. पुढे काय होणार ते १९५५ साली कुणाला दिसत होतं? पण त्यांनी धोंडी लिहिला तेव्हा काठ जागेवर होता. सतरा-अठरा वर्षांनी तो गेला. ज्या अर्थी पुस्तक आधी झालं, त्या अर्थी काठ थोडासा तरी उरला.

माचीवरल्या बुधाची गोष्टही अशीच आमच्या घराघरातली. मावळचा माणूस पोटासाठी मुंबईला जातो, हे कितीतरी पिढ्यांचं. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी हमालीला. मुंबईचे डबेवाले तर बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव याच पट्ट्यातले. गांधी टोपी घालून डोक्यावर डब्यांची लांब पाटी घेऊन धावणारी माणसं लोकांनी सिनेमात पाहिली. त्यांचं मन मात्र भाताच्या काढणीत अडकलेलं असतं. माझे चुलते तीस वर्षं मुंबईत होते. दर पावसाळ्यात लावणीला सुट्टी काढून यायचे. मालक ओरडायचा, पगार कापायचा, तरी यायचे. सरतेशेवटी कायमचे आले तेव्हा पोरांनी विचारलं, "तिथं पंखा होता, नळ होता, इथं काय हाय?" चुलते म्हणाले, "इथं मला नाव हाय." मी त्यांना 'बुधा' वाचून दाखवलं नाही. गरज नव्हती.

राजमाचीला जायचं तर लोणावळ्याहून तुंगार्ली, वळवण करत पंधरा-सोळा किलोमीटरची चाल. उधेवाडी हे माचीवरचं गाव. डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथ. कोकणातून बोरघाटानं वर येणाऱ्या वाटेवर नजर ठेवायची ही जागा. अप्पांचा या माचीवर विशेष जीव. कडेलोट वाटावा असे कडे, पलीकडे उल्हास नदीचं खोरं, आणि पाऊस सुरू झाला की चार महिने ढगातलं गाव.

मी नोकरीत असताना दर हिवाळ्यात सातवीची पोरं घेऊन राजमाचीला जायचो. शिदोरी बांधायची, पहाटे निघायचं. पोरांना आधीच सांगायचो की वर गेल्यावर तट-बुरूज नंतर, आधी गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला भेटून एक गोष्ट ऐकून यायची. टाक्याचं पाणी कुठल्या महिन्यात आटतं, बिबट्या शेवटी कधी आला, आजारी माणसाला खाली कसं न्यायचे, काहीही. पोरं आधी लाजायची, मग रमायची. डोलीतून बाळंतिणीला घाट उतरवल्याची गोष्ट ऐकून आलेली एक मुलगी परतीच्या वाटेवर कुणाशी बोलली नव्हती. ती आता आरोग्यसेविका आहे.

आता राजमाचीला गर्दी झाली आहे. जूनच्या पहिल्या पावसाआधी काजवे बघायला मुंबई-पुण्याची माणसं लोटतात. भुशी धरणावर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. उधेवाडीची माणसं पिठलं-भाकरी, चहा, मुक्कामाची सोय करून दोन पैसे मिळवतात. त्यात वाईट काही नाही. उलट पोरं गावात टिकली. वाईट वाटतं ते एवढ्याचं, की शेकडो माणसं रात्रभर माचीवर राहतात आणि सकाळी उतरतात, पण जेवू घालणाऱ्या मावशीचं नाव विचारत नाहीत. दुसरीकडे पवन मावळात खाचराचे बांध मोडून बंगल्याचे प्लॉट पडताहेत. ज्या मातीत आंबेमोहोर पिकला, ज्या वडगावच्या संशोधन केंद्रात इंद्रायणी तांदूळ तयार झाला, त्या तालुक्यात पोरं भात विकत आणताना मी पाहतो. जमीन विकणाऱ्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पोरीचं लग्न, आजारपण, कर्ज, कारणं खरी असतात. पण सातबाऱ्यावरून नाव गेलं की शेताचं नावही जातं. प्लॉटला नंबर असतो.

अप्पांविषयी एक गोष्ट प्रांजळपणे म्हणायला हवी. बाहेरून येऊन प्रेमात पडलेल्या माणसाच्या नजरेत थोडी भुरळ असते, ती त्यांच्याही लिखाणात आहे. त्यांचा पाऊस नेहमीच देखणा. आमच्या आईला तो पाऊस गळक्या छपरासकट भोगावा लागला. पण भुरळ असूनही त्यांनी माणसाला लहान केलं नाही, की त्याची कीवही केली नाही. गरीब माणसावर लिहिताना हे जमायला मोठं मन लागतं. 'जैत रे जैत'मधल्या ठाकरांबद्दल लिहितानाही तेच. त्या कादंबरीवर १९७७ साली जब्बार पटेलांनी चित्रपट काढला आणि ठाकरवाडीचा ढोल साऱ्या महाराष्ट्रानं ऐकला. आमच्याकडच्या ठाकर पोरांना शाळेत तोवर कुणी विचारत नव्हतं. त्या वर्षी गॅदरिंगला त्यांना आधी बोलावलं.

मानसन्मान अप्पांना पुढे मिळाले. लहानपणापासूनच्या भटकंतीवर लिहिलेल्या 'स्मरणगाथे'ला १९७६ साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या वऱ्हाडातून पोरवयात शाळा टाकून पळाले, तिथेच खुर्ची मिळाली. १ जून १९९८ ला ते गेले. पाऊस तोंडावर आला होता. आबा त्याच्या आधी दोन वर्षांनी गेले होते, नाहीतर बातमी मीच त्यांना सांगितली असती.

पवना धरणात उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ वर येतं. वर्षातले सात-आठ महिने ते पाण्यात असतं. मार्च-एप्रिलात लोक दर्शनाला जातात. पर्यटक फोटो काढतात. आमच्यासारखे देवळापासून पुढे चालत जातात, भेगाळलेल्या गाळातून, आणि अंदाजानं थांबतात. "हितं आपला पार. हितं माळ्याचं खाचर." बरोबरच्या नातवंडांना तिथे फक्त चिखल दिसतो.

निवृत्त झाल्यावर मी एक काम काढलं. दोनशे पानी वही घेतली आणि पवन मावळातल्या बुडालेल्या आणि विकलेल्या शेतांची नावं गोळा करायला लागलो. शाळेतली पोरं मदतीला घेतली. घरच्या आजी-आजोबांना विचारायचं आणि लिहून आणायचं: शेताचं नाव, ते नाव का पडलं, त्यात काय पिकायचं, इर्जिकीला कोण कोण यायचं. भाषा ज्याची त्याची. आजी 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहायचं, ही अट. पहिल्या वर्षी पोरं कंटाळली. दुसऱ्या वर्षी म्हाताऱ्याच शाळेत यायला लागल्या. एक आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, माज्या म्हायेरचं एक ऱ्हायलंय. धरनात गेलं म्हनून काय झालं, त्याला नाव व्हतं."

चिंचेचं, मोरीचं, वडाखालचं, टेपावरचं, कोंडीचं, देवाची तुकडी, सवतीचं, भांडणाचं. वहीत आजपर्यंत २१४ नावं झाली आहेत. 'भांडणाचं' खाचर नेमकं कुणाचं, यावर दोन घरांत अजून वाद आहे. दोघांचीही बाजू लिहून ठेवली आहे. वाचक पवन मावळातले असतील आणि घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर त्यांना विचारावं. वहीची पुष्कळ पानं अजून कोरी आहेत.